बाहेरून लावलेली कडी

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे आणि मी रागावलेली आहे. हे आधीच सांगून टाकलेले बरे. जुन्या वस्तूंनी आपली कहाणी सांगायला घेतली की सुस्कारे टाकायचे, 'गेले ते दिवस' म्हणायचे आणि शेवटी डोळे पुसायचे, अशी रीतच पडून गेली आहे. मला डोळे नाहीत. सुस्कारा टाकते ती माझ्या गादीतली हवा, आणि तीही कोणी वजनदार माणूस बसला तरच. तेव्हा माझ्याकडून रडगाण्याची अपेक्षा ठेवू नका. मला भांडायचे आहे.

मी केशकर्तनालयातली खुर्ची. माझा जन्म ओतकामाच्या कारखान्यात झाला. माझा गोल पाय बिडाचा आहे, इतका जड की मला हलवताना तिघांच्या नाकी नऊ येतात. बैठक चामड्याची आहे आणि मान टेकायला मागे एक उशी आहे. डाव्या अंगाला दांडा आहे. तो पुढे-मागे केला की मी वर चढते, दाबून धरला की सावकाश खाली येते. पाय ठेवायची पट्टी तेव्हा अशी चकचकीत होती की कारखान्यातले कामगार वाकून तिच्यात भांग पाडायचे.

मला घरी आणणारा माणूस सव्वीस वर्षांचा होता. हातगाडीवरून आणताना त्याने मला दर वळणावर थांबून पुसले. एवढा जीव लावणारा माणूस मी नंतर पाहिला नाही. त्याचे खरे नाव दुकानाच्या पाटीवर रंगवलेले होते, पण ते कोणी वाचत नसे. सगळी गल्ली त्यांना अलगदराव म्हणे. दाढी करून झाली तरी गिऱ्हाईक डोळे मिटूनच विचारी, "सुरू कधी करताय?" इतका त्यांचा हात हलका.

अलगदरावांची एक खोड होती. गिऱ्हाइकाला 'कसे कापू?' म्हणून ते कधी विचारत नसत. विचारावे लागणे हाच त्यांना अपमान वाटे. दुकानात वही नव्हती की यादी नव्हती. बसड्रायव्हरच्या डाव्या कानामागे टाक्यांची खूण आहे, तिथे मशीन लावायचे नाही. गाण्याच्या मास्तरांना मानेला गुदगुल्या होतात, तिथे ब्रश दाबून फिरवायचा. शिंप्याच्या डोक्यावर दोन भोवरे आहेत, मधला केस लांब ठेवायचा नाहीतर तो उभा राहतो. अशी शे-दीडशे डोकी त्यांना तोंडपाठ होती. दहा वर्षे परगावी राहून आलेला माणूस माझ्यावर टेकला, तरी ते नुसते मानेवरचा केस चाचपून कामाला लागत. लोक थक्क होत आणि मला उगीचच अभिमान वाटे, जणू ती डोकी मीच लक्षात ठेवली होती.

अशी चाळीसहून अधिक वर्षे गेली. मालकीणबाई मध्येच आजारपणात गेल्या. मुलगा शेजारच्या खुर्चीपाशी उभा राहून काम शिकला. त्याचाही हात चांगला पडला, मात्र तोंड जरा चटकन सुटायचे. दुकान खाली, घर वर, दुकानाच्या मागे टॉवेल आणि खोकी ठेवायची एक खोली. पुढचे सगळे एवढ्याच जागेत घडले.

सुरुवात कशी झाली ते मला विचारा. घरातल्या कोणाला सांगता येणार नाही, कारण कोणी बघतच नव्हते. एकदा त्यांनी गाण्याच्या मास्तरांना साबण लावला, ब्रश धुतला, वळले आणि पुन्हा साबण लावला. मास्तर हसले. एकदा दांडा मारता मारता ते थांबायचे विसरले आणि शिंप्याचे डोके दिव्याला टेकायची वेळ आली. शिंपीही हसला. दुपारी जेवून वर गेले की अर्ध्या तासाने पुन्हा खाली येऊन म्हणायचे, "आज जेवायचं नाही का?" मग एक दिवस ड्रायव्हर माझ्यावर बसला आणि अलगदराव त्याच्या मागे कात्री धरून नुसतेच उभे राहिले. बराच वेळ. शेवटी अगदी हळू आवाजात त्यांनी विचारले, "कसे कापू?"

माझ्या बैठकीखालच्या स्प्रिंगा ताठ झाल्या. बोंब ठोकावी असे ते वाक्य होते. पण ड्रायव्हर म्हणाला, "कापा हो, तुम्हाला काय सांगायचं," आणि मुलगा पलीकडे रेडिओवरचे गाणे गुणगुणत होता.

आता मिशीचे प्रकरण. आमच्या गल्लीत एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. त्यांची मिशी अशी, की आधी मिशी वळणावरून येई आणि मग पोस्टमास्तर. दर आठवड्याला ते दाढीला येत, डोळ्यांवर गरम टॉवेल पडला की घोरायला लागत. त्या दिवशीही तसेच झाले. अलगदरावांनी साबण फेसला, वस्तरा हाती घेतला आणि प्रेमाने म्हणाले, "उद्या रुजू व्हायचं ना? पहिल्या दिवशी चेहरा कसा लख्ख हवा." पोस्टमास्तर घोरले. अलगदरावांनी तो होकार धरला.

मी हादरले. हे बोलणे मी आधी ऐकले होते. सदतीस वर्षांपूर्वी हाच माणूस टपालखात्यात कारकून म्हणून लागायच्या आदल्या दिवशी माझ्यावर बसला होता. ओठांवर नुसती कोवळी लव होती. तेव्हा अलगदराव हेच म्हणाले होते आणि ती लव त्यांनी साफ केली होती. मिशी नंतर आली. आज त्यांनी तेच काम पुन्हा केले, तितकेच चोख केले, फक्त सदतीस वर्षे उशिरा. कुठे ओरखडा नाही की रक्ताचा थेंब नाही.

टॉवेल निघाला. पोस्टमास्तरांनी आरशात पाहिले आणि दुकान डोक्यावर घेतले.

"माझी मिशी! अहो, माझी मिशी कुठंय?"

अलगदराव खरोखर गोंधळले. "कसली मिशी? तुम्हाला मिशी होती कधी?"

वाट पाहणाऱ्यांच्या बाकावर हशा उसळला. मुलगा दोन ढांगांत आला आणि त्याने बापाच्या हातातला वस्तरा हिसकावून घेतला. "बाबा! डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? चला, मागे जाऊन बसा. एक शब्द बोलू नका."

चार लोकांत, मित्रांनो. ज्या हाताखाली शिकला, त्याच हातातून हिसकावून. अलगदराव आधी रिकाम्या मुठीकडे आणि मग मुलाकडे पाहत राहिले. त्यांना काय चुकले ते कळत नव्हते, पण आपल्यावर सगळे हसताहेत हे स्वच्छ कळत होते. माणूस नावे विसरतो, दिवस विसरतो, अपमान मात्र त्याला लागतोच, हे त्या दुकानात फक्त मला ठाऊक होते.

ते मागे गेल्यावर बाकावरच्यांनी यथेच्छ तोंडसुख घेतले. एक म्हणाला, "म्हातारचळ लागलाय." दुसरा म्हणाला, "घेत असतील थोडी, गुपचूप." तिसरा समजूतदारपणे म्हणाला, "अहो, वय झालं की असं व्हायचंच." पहिले दोघे उघड उघड वाह्यात होते. मला राग येतो तो तिसऱ्याचा. कारण 'व्हायचंच' म्हटले की मग डॉक्टर नको, चौकशी नको, हातपाय हलवायलाच नकोत. पाय मोडला असता तर याच तिघांनी उचलून दवाखान्यात नेले असते.

पोस्टमास्तरांची मिशी तीन महिन्यांत पुन्हा होती तशी झाली, असे येणारेजाणारे सांगत. ते स्वतः काही आले नाहीत. आयुष्यभराची ओळख त्यांनी एका मिशीपायी तोडली. त्यांना माझा एवढाच निरोप आहे, की माझे चामडे तुमच्या घोरण्याने झिजले आहे आणि मला त्याचे आता वाईट वाटते.

त्यानंतर मुलाने दोन नव्या खुर्च्या आणल्या, काळ्या, गुळगुळीत, बोट लावले की वर जाणाऱ्या. मला ढकलत मागच्या खोलीत नेऊन खोक्यांशेजारी उभे केले. आठवड्याभरात अलगदरावांची खाटही तिथेच आली, कारण जिन्यावरून त्यांचा तोल जाऊ लागला होता. निकामी सामान एका जागी, असा हिशेब असावा.

दुकानाकडे उघडणारे दार तोवर उघडेच असे. मग एका दुपारी अलगदराव अंगावर कामाचा पांढरा अंगरखा चढवून, कंगवा खिशात घालून, गिऱ्हाइकांमधून चालत रस्त्यावर गेले. मुलाचे लक्ष नव्हते. तासाभराने बसड्रायव्हरने त्यांना हाताला धरून आणले. चौकात गाड्यांच्या मधोमध उभे राहून ते एका मोटारवाल्याला सांगत होते, "बसा, तुमचाच नंबर आहे."

मुलगा पांढराफटक पडला होता. त्याची भीती खोटी नव्हती, हे मी मान्य करते. पण त्याने काय केले? संध्याकाळी स्क्रूड्रायव्हर घेऊन आला आणि दाराला कडी ठोकली. दुकानाच्या बाजूने. कडी मी आतून पाहिली नाही, पण ती सरकल्याचा आवाज ऐकला. मी बिडाची आहे, मला कोंडले काय आणि मोकळे सोडले काय. पण खाटेवर एक माणूस बसला होता.

रोज सकाळी सात वाजता अलगदराव दाराशी जात. "उघडा. गिऱ्हाईक खोळंबलंय." पलीकडून कात्रीची कचकच ऐकू येई, पाण्याच्या फवाऱ्याचा आवाज येई, ओळखीचे खोकले ऐकू येत. आपले दुकान आपल्याशिवाय चाललेले कानांनी ऐकायचे आणि आत बसायचे. ते थोडा वेळ दार वाजवीत. मग मुलगा रेडिओचा आवाज वाढवी.

हो, रेडिओचा आवाज वाढवी.

गिऱ्हाइकांनी विचारले तर तो म्हणे, "बाबा माझ्या बहिणीकडे राहायला गेलेत, हवापालटाला." डोके बिघडले म्हणून लोक नावे ठेवतील, याची त्याला लाज वाटत होती. दुपारी जेवणाचे ताट घेऊन तो आत आला की परीक्षा सुरू.

"बाबा, मी कोण? सांगा बघू. मी कोण?"

अलगदराव अदबीने हसत. "तुम्ही म्हणजे... आपलेच."

"आपलेच म्हणजे कोण? नाव सांगा. काल सांगितलं होतं ना मी?"

शाळेतल्या पोरांनासुद्धा वर्षातून दोनदाच परीक्षा असते. इथे रोज, आणि रोज नापास. मुलाला वाटे, घोकून घेतले की येईल. बापाला एवढेच कळे की हा माणूस आपल्यावर नाराज आहे. तो गेल्यावर ते कितीतरी वेळ हात चोळीत बसत आणि ताट तसेच राही.

घरातले एकच माणूस खरेखुरे राबत होते, ती सून. सकाळी ती ग्रंथालयात कामाला जाई. परत आली की सासऱ्यांची आंघोळ, कपडे, दुकानाचे टॉवेल, वरचा स्वयंपाक. एकच प्रश्न अकराव्यांदा आला की तीही खेकसे, "किती वेळा सांगू, बाबा!" आणि मग तिलाच अपराधी वाटे. ते झोपले की ती दहा मिनिटे माझ्यावर येऊन बसे आणि तोंडात पदराचा बोळा कोंबून रडे. नणंद फोनवर सल्ले देई: बदाम द्या, शब्दकोडी सोडवायला लावा, तुम्हीच लक्ष देत नसाल. तू कशी आहेस, तू जेवलीस का, झोप होते का तुझी, हे त्या सगळ्या दिवसांत एकाही जिवंत माणसाने तिला विचारले नाही. मी विचारले असते. मी फक्त उशी थोडी मऊ ठेवू शकत होते, आणि तीही आता फाटली होती.

अशाच एका दुपारी ती टॉवेल घेऊन आत आली आणि दारातच थांबली. अलगदराव माझ्यापाशी उभे होते. त्यांनी माझ्या उशीला टॉवेल गुंडाळला होता. वाटीत अंगाचा साबण फेसून, जुन्या ब्रशने ते उशीला फेस लावत होते. मग कंगवा वस्तऱ्यासारखा धरून त्यांनी एका बाजूने सुरुवात केली, नाक असते तिथे हवेत अलगद दोन बोटे धरली, वरचा ओठ केला, हनुवटी केली, फेस कंगव्यावरून पुसून घेतला. क्रमात एक चूक नाही. कपाळावरच्या सगळ्या आठ्या गेल्या होत्या.

"झालं हं," ते उशीला म्हणाले. "तुरटी जरा झोंबेल."

सून भिंतीला टेकून उभी राहिली. "यांना येतंय की सगळं," ती स्वतःशीच म्हणाली.

ग्रंथालयाच्या फलकावर स्मृतिभ्रंशाच्या दवाखान्याचा एक कागद महिनाभर लागलेला होता. दुसऱ्या दिवशी तिने तो टाचणीसकट उपटून आणला. मुलगा भडकला. "माझा बाप वेडा नाही!"

"वेडे म्हणतंय कोण? आजारी आहेत. तुम्ही येणार नसाल तर मी एकटी नेते."

आणि नेले. तपासण्या झाल्या. मग एके दिवशी दवाखान्यातली सिस्टर घर बघायला आली. मध्यम वयाची, दणकट, आवाजाने भरदार. आत येताच तिने मुलाशी नाही, सुनेशी नाही, आधी अलगदरावांशी बोलायला सुरुवात केली. किती महिन्यांनी कोणी त्यांच्याबद्दल न बोलता त्यांच्याशी बोलत होते!

"नमस्कार. बसू का इथं?" तिने माझ्याकडे बोट केले.

अलगदराव लगबगीने उठले, टॉवेलने माझी बैठक झटकली. "बसा की. बायकांचे केस मी कापत नाही. पण बसा, दमलेल्या दिसता."

"दमलेय खरी," सिस्टर म्हणाली आणि ऐसपैस बसली. माझ्या गादीने सुस्कारा सोडला. तिने वाईट वाटून घेतले नाही.

मग तिने दोघांना समजावून सांगितले. "हा मेंदूचा आजार आहे. डिमेन्शिया. वय झालं म्हणून सगळ्यांना होतो असं नाही आणि कोणी मुद्दाम करतं असंही नाही. विसरायला लागलं की लवकर तपासायचं असतं, कारण कधी कधी कारण साधं निघतं, थायरॉइड असतं, एखादं जीवनसत्त्व कमी असतं, मन खचलेलं असतं, आणि त्यावर औषध आहे. यांच्या बाबतीत तसं निघालं नाही. हा हळूहळू वाढणार. अलीकडचं आधी पुसलं जातं, जुनं बरंच टिकतं, आणि हातांच्या सवयी तर खूप उशिरापर्यंत राहतात. त्यांची परीक्षा घेऊ नका. तुम्ही कोण ते त्यांना विचारू नका, तुम्हीच सांगा. ते ज्या काळात असतील तिथं जाऊन त्यांच्याशी बोला. आणि काम द्या काहीतरी." मग ती सुनेकडे वळली. "आणि तुम्ही कशा आहात?" सून सासऱ्यांच्या झोपेबद्दल सांगू लागली. "नाही, ते नाही विचारलं, तुम्ही कशा आहात?"

सुनेने पदर तोंडाकडे नेला. सिस्टरने तिला रडू दिले. मी त्या बाईला जन्मभर वर उचलून धरायला तयार आहे.

जाताना तिने दाराकडे पाहिले. "ही कडी बाहेरून का?"

मुलाने खाली पाहिले. "सिस्टर, तुम्ही तासभर येता आणि जाता. कडी काढली आणि ते पुन्हा चौकात गेले तर? मी वस्तरा चालवू की त्यांच्यामागे धावू?"

"रस्त्याच्या दाराला घंटी बांधा. त्यांच्या खिशात तुमचा नंबर ठेवा. गल्लीतल्या लोकांना सांगून ठेवा."

"लोकांना सांगू? की माझ्या बापाचं डोकं गेलंय?"

"आजार आहे म्हणून सांगा. कावीळ झाली असती तर सांगितलं असतं ना?"

सिस्टर गेली. कडी राहिली. सात वाजता दार वाजत राहिले आणि रेडिओ वाजत राहिला. त्या दिवसांत मला चालता आले असते तर मी ते दार उखडले असते, एवढेच सांगते.

मग दुकानाच्या सुट्टीचा दिवस उजाडला. सुनेने नवऱ्याला मागच्या खोलीत आणले आणि माझ्यावर बसवले. "सिस्टर म्हणाल्या ना, काम द्या. आज दाढी त्यांच्याकडून करून घ्या. वस्तऱ्यातलं पातं काढलंय मी. बोलू नका फक्त." तिने अलगदरावांना हाक मारली. "बाबा, गिऱ्हाईक आलंय."

अलगदराव असे उठले की जणू त्यांना याच हाकेसाठी बसवून ठेवले होते. त्यांनी दांडा तीनदा मारला आणि मी कुरकुरत वर चढले. गरम टॉवेल पिळला, मनगटावर लावून पाहिला, मुलाच्या डोळ्यांवर आणि गालांवर ठेवला. मग वस्तरा उचलला, अंगठ्यावर टेकवला आणि त्यांचे तोंड कडू झाले.

"हा कोणी ठेवला इथं? याला धारच नाही. असल्यानं मी गिऱ्हाइकाला हात लावत नसतो." वस्तरा त्यांनी बाजूला ठेवून दिला. "माफ करा हं. दाढी उद्या करू. आज डोकं चेपून देतो."

ते मागे उभे राहिले आणि त्यांची बोटे मुलाच्या केसांत शिरली. कानामागून वर, कपाळावरून मागे. मुलाचे आवळलेले खांदे हळूहळू खाली आले. मला ते जाणवले, कारण त्याची सगळी पाठ माझ्यावर होती.

मग अलगदराव त्याच्या कानाशी वाकले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "तुम्ही भले दिसता. एक काम कराल माझं?"

"बोला," टॉवेलखालून मुलगा म्हणाला.

"मला इथं एक माणूस कोंडून ठेवतो. कोण आहे कोण जाणे. वाईट नाही तसा, जेवायला आणून देतो. पण चिडतो फार. बाहेरून कडी लावतो." त्यांची बोटे चालूच होती. "माझा एक मुलगा आहे. दुकान आहे त्याचं. हात फार हलका आहे हो त्याचा, माझ्यापेक्षा हलका. त्याला निरोप द्याल? म्हणावं, बाबा इथं अडकलेत. त्याला माहीत नसणार. कळलं तर धावत येईल तो."

मुलाने माझे दोन्ही हात असे घट्ट धरले की मुलाम्याचा एक टवका निघाला. टॉवेल आधीच ओला होता, त्यामुळे दुसऱ्या कोणाला काही दिसले नाही. सून खोक्यांपाशी तोंड फिरवून उभी राहिली.

"द्याल ना?" अलगदरावांनी पुन्हा विचारले.

"देतो," मुलगा म्हणाला. त्याचा आवाज मला ओळखता आला नाही. "आजच देतो."

तो उठला, तोंड पुसले आणि दुकानात गेला. खणात खडखड झाली. स्क्रूड्रायव्हर घेऊन तो दाराशी गुडघ्यावर बसला आणि चारही स्क्रू एकेक करून काढले. अलगदराव टॉवेलाची घडी घालता घालता त्याच्याकडे कौतुकाने बघत होते. कडी खाली पडल्यावर त्यांनी विचारले, "तो माणूस ओरडेल ना?"

"तो गेला," मुलगा खालीच बघत म्हणाला. "परत यायचा नाही."

"आणि माझा मुलगा?"

मुलाने वर पाहिले. "आलोय, बाबा. मीच."

अलगदरावांनी त्याच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले. ओळखले की नाही, ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्यांनी त्याच्या डोक्यावरचे विस्कटलेले केस बोटांनी नीट बसवले आणि म्हणाले, "उशीर झाला का रे यायला? असू दे. काम असेल."

दुसऱ्या दिवशी तिघांनी घाम गाळत मला पुन्हा दुकानात आणले. रस्त्याच्या दाराला घंटी लागली. मुलगा गल्लीत घरोघर जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगून आला, "बाबा बहिणीकडे नव्हते, घरीच होते. त्यांना डिमेन्शिया आहे. रस्त्यात दिसले तर हात धरून आणा, ओरडू नका." काही गिऱ्हाइकांनी येणे सोडले. जाऊ देत. अलगदराव आता टॉवेल पिळतात, घड्या घालतात, ज्याला हवे त्याचे डोके चेपून देतात. काही दिवस ब्रश कसा धरायचा तेही सुचत नाही आणि ते नुसते माझ्यावर बसून राहतात. सून आठवड्यातले दोन दिवस कोणाचेही काही न बघता बाहेर जाते, त्या दिवशी घर मुलाकडे असते. आजार वाढतोच आहे. मी तुम्हाला गोड खोटे सांगणार नाही.

आणि माझा राग? तो आहे तिथेच आहे, आणि तो तुमच्यासाठी राखून ठेवला आहे. तुमच्या घरी कोणी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर त्याला हसू नका. 'वय झालं' म्हणून मोकळे होऊ नका, डॉक्टरकडे न्या. त्याचे सगळे करणारे जे एक माणूस घरात झिजत असते, त्याला सल्ले देऊ नका, त्याच्या हातातले काम घ्या. आणि कुठल्या दाराला बाहेरून कडी असेल, तर उद्यावर ढकलू नका, आत्ता उठा आणि काढा. पलीकडचा माणूस तुमचीच वाट पाहत असतो, आणि ज्याने कोंडले त्याच्याकडेच तो तुमची स्तुती करत असतो.